सा.न.वि.वि. पासून ‘ववस’ पर्यंत

ठरलेली वाक्यं पुन्हापुन्हा लिहायचा कंटाळा संगणकाबरोबर आलेला नाही. जुन्या घरात पत्रांची तार सापडली तर काढून बघा. ‘ति. स्व. बाबांस शि. सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात, शेवटी ‘कळावे’, खाली ‘ता. क.’, पत्त्यात ‘मु. पो.’ आणि ‘ह. मु.’. तीर्थस्वरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष हे सगळं चार-सहा अक्षरांत उरकलं, कारण पोस्टकार्डावर जागा बेताची आणि सांगायचं खूप. त्याच्याही आधी मोडी लिहिणाऱ्या कारकुनांसाठी मेस्तकं होती. कुणाला कोणता मायना लिहायचा, वडीलधाऱ्याला कोणता, बरोबरीच्याला कोणता, हे त्यांत घालून दिलेलं असे. एकदा बोटांत बसलं की कारकुनाला मायन्याचा विचार करावा लागत नसे, डोकं मजकुराला मोकळं राहायचं.

मी धानोऱ्यात अर्ज टाईप करून देते. धानोरा नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातची हद्द इथून लांब नाही. दुकानात झेरॉक्स आहे, फोटो निघतात, ऑनलाईन फॉर्म भरले जातात, पण मला आवडतं ते अर्जाचं काम. आमच्याकडे येणारी माणसं अहिराणी बोलतात, भिलोरी बोलतात, मावची बोलतात, आणि कागद लागतो ऑफिसच्या मराठीत. त्या दोन्हींच्या मधे माझा कीबोर्ड. नेहमीच्या वाक्यांना शॉर्टकट लावायला लागल्यापासून जे समजत गेलं ते खाली मांडते आहे. क्रमाला फार अर्थ नाही. सातवं मात्र वगळू नका.

१. आधी वही, मग संगणक

शॉर्टकट करायचे म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात लांबलचक वाक्यं. त्यांच्या मागे लागू नका. कीबोर्डशेजारी वही ठेवा आणि जे जे दुसऱ्यांदा टाईप कराल त्याच्यापुढे रेघ मारत जा. पावसाळ्याआधी, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत हे केलंत तर वही लवकर भरते.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त रेघा पडल्या त्या ‘मौजे धानोरा, ता. जि. नंदुरबार’ या साध्या ओळीपुढे. त्याखालोखाल ‘मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, नंदुरबार यांचे सेवेशी’. मग ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर की’. मग ‘सोबत जोडलेली कागदपत्रे’. दिसायला भलंमोठं वाटणारं प्रतिज्ञेचं वाक्य बरंच खाली होतं, कारण ते छापील नमुन्यातच असतं.

वहीत अवघड शब्दही येऊ द्या. ‘स्वयंघोषणापत्र’, ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘ज्येष्ठ नागरिक’. बोट जिथे अडखळतं तिथे रेघ मारायची. वाक्य लहान आहे की मोठं ते बघायचं नाही.

२. लघुरूप बोटांच्या सोयीने ठरवा

शॉर्टकटचं लघुरूप ठरवताना बहुतेक जण अर्थाकडे बघतात. बघायला हवं कीबोर्डकडे. मी इनस्क्रिप्टवर टाईप करते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेला हा आराखडा. याच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ब, ह, ग, द, ज, ड ही वरच्या ओळीत, प, र, क, त, च, ट मधल्या ओळीत, आणि म, न, व, ल, स, य खालच्या ओळीत. ही अठरा अक्षरं शिफ्ट न दाबता उमटतात. शिफ्ट दाबलं की त्याच बटणावर ब चा भ होतो, द चा ध, क चा ख, ल चा ळ, स चा श.

माझी सगळी लघुरूपं या अठरा अक्षरांतली आहेत. काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही, शिफ्ट नाही. धानोऱ्याच्या ओळीला ‘धनर’ नाही, ‘दनर’. तहसीलदारांच्या मायन्याला ‘तसद’. वरील विषयास अनुसरून सविनय सादर की, याला ‘ववस’. सोबत जोडलेल्या कागदपत्रांना ‘सजक’. ‘ववस’ टाईप करून स्पेस दाबली की पूर्ण ओळ उभी. व चं बटण दोनदा आणि स चं एकदा, एवढंच.

‘सविनय सादर की’ मुद्दाम निवडलं आहे. ‘विनंती करतो की’ साठवलं तर बाईच्या अर्जात ‘करतो’ जातं, आणि ‘करतो/करते’ अशी तिरपी रेघ ठेवली तर अर्ज छापील फॉर्मसारखा दिसतो. ऑफिसच्या जुन्या मराठीत बाई-पुरुष दोघांना चालतील असे बरेच तुकडे पडून आहेत. ‘सविनय सादर’, ‘विनंती आहे’, ‘मिळणेबाबत’. साठवायला हेच घ्यावेत.

लघुरूप हा मराठीतला खरा शब्द असता कामा नये. जातीच्या दाखल्यासाठी ‘जात’ ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मग ‘दिले जात नाही’ असं लिहायला गेलं की मधेच ‘जात प्रमाणपत्र मिळणेबाबत’ उपटतं. ‘विषय’साठी ‘विष’ ठेवलं आणि साप चावल्याचा किंवा फवारणीच्या औषधाचा अर्ज आला, तर काय होईल ते सांगायला नको. ग्रामपंचायतीसाठी ‘गपच’ छान वाटतं, पण ‘तो गपच बसला’ हे आपण बोलतोच. माझं ‘गपक’ आहे, ग्रामपंचायत कार्यालय.

आराखडा करणाऱ्यांनी काही शॉर्टकट आधीच देऊन ठेवलेत, तेही वापरत चला. शिफ्ट धरून ५ दाबलं तर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. नवीन मुलं ज्ञ काढायला ज, पाय मोडणारी खूण आणि ञ असे तीन ठोके मारत बसतात.

३. वर्डमध्ये कुठे साठवायचं

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जायचं. ‘रिप्लेस’च्या चौकटीत लघुरूप, ‘विथ’च्या चौकटीत पूर्ण वाक्य, मग ॲड आणि ओके. ही सोय मुळात इंग्रजीतल्या टायपिंगच्या चुका आपोआप सुधारायला केलेली, पण तिला त्याचं काय! ‘दनर’ ही चूक आणि ‘मौजे धानोरा, ता. जि. नंदुरबार’ ही दुरुस्ती, असं सांगितलं की ती निमूट मानते.

दोन गोष्टी इथे माहीत हव्यात. एक म्हणजे यादी भाषेगणिक वेगळी असते. कीबोर्ड मराठीवर असताना भरलेली नोंद इंग्रजीवर टाईप करताना सापडत नाही. नोंद करण्याआधी खालच्या पट्टीत मराठी दिसतंय ना ते बघून घ्यायचं.

दुसरी म्हणजे साध्या मजकुराला २५५ चिन्हांची मर्यादा. चिन्हं म्हटलं की आपल्याला अक्षरं वाटतात, तिथेच हिशेब चुकतो. ‘प्रतिज्ञापत्र’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा. इनस्क्रिप्टवर त्याला आठ ठोके. संगणकाच्या हिशेबात मात्र ती तेरा चिन्हं, कारण मात्रा वेगळी, पाय मोडणं वेगळं, त्र मधला त वेगळा आणि र वेगळा. त्यामुळे इंग्रजीत ज्या चौकटीत छोटा परिच्छेद मावतो तिथे मराठीची दोन-तीन वाक्यंच बसतात. मोठा मजकूर असेल तर तो कागदावर टाईप करून, सिलेक्ट करून, मग ऑटोकरेक्ट उघडायचं आणि ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ला टिक करायचं. मग ही मर्यादा लागत नाही, आणि ठळक अक्षरं, मधोमध घेतलेल्या ओळी जशाच्या तशा येतात.

अख्खा नमुना साठवायचा असेल तर ऑल्ट आणि एफ३. नाव द्यायचं, आणि पुढे ते नाव टाईप करून नुसतं एफ३ दाबायचं. लिब्रेऑफिसमध्ये साठवायला कंट्रोल-एफ३, काढायला एफ३. लिब्रेऑफिस फुकट आहे, परवान्याची भानगड नाही. खेड्यातल्या दुकानाला हे लहान कारण नव्हे.

नको तिथे शॉर्टकट उलगडला तर खोडत बसू नका. लगेच कंट्रोल-झेड दाबलं की तुम्ही टाईप केलेलं परत येतं आणि पुढे जाता येतं.

४. वर्डच्या बाहेर

अर्ज आता निम्मेअधिक पोर्टलवर भरले जातात, आणि ब्राउझरला वर्डमधलं ‘ववस’ कळत नाही. तिथे वेगळं हत्यार लागतं. विंडोजसाठी ऑटोहॉटकी आहे, एस्पान्सो आहे, दोन्ही फुकट. पार्श्वभूमीला चालू राहतात आणि कुठल्याही खिडकीत लघुरूप उलगडतात. नोंदींची फाइल यूटीएफ-८ या प्रकारात सेव्ह करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते.

काही संगणकांवर नवीन सॉफ्टवेअर टाकायची मुभाच नसते. तिथे विंडोजचं बटण आणि व्ही. शेवटच्या २५ कॉपी केलेल्या नोंदी समोर येतात. हव्या त्या पिन केल्या की संगणक बंद करून चालू केला तरी टिकतात. ही सोय पहिल्यांदा चालू करावी लागते. लाईट गेल्यावरही नोंदी जागेवर सापडतात, आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा किती ते सांगायला नको.

साठवलेलं सगळं युनिकोडमध्येच असू द्या. टायपिंगची परीक्षा दिलेले, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टवर हात बसलेले बरेच जण अजून त्यातच नमुने ठेवतात. तो मजकूर आतून रोमन अक्षरांचा असतो, मराठी दिसतो फक्त फॉन्टमुळे. पोर्टलच्या चौकटीत टाकला की मुखवटा गळतो आणि ‘मा. तहसीलदार साहेब’च्या जागी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं.

५. ठरलेल्या तारखा बिनधास्त साठवा

जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला जुना पुरावा लागतो तो ठरावीक तारखेआधीचा. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा तुमच्या-माझ्या सोयीने बदलत नाहीत आणि एक आकडा चुकला तर माणसाची खेप वाया जाते. नंदुरबार जिल्ह्यात दर तीन माणसांमागे दोन अनुसूचित जमातीचे, त्यामुळे यातली पहिली तारीख तर मी झोपेतही सांगेन. तरीही ती शॉर्टकटमध्येच आहे. दुपारी चारला, रांग लागलेली असताना, १९५० चं १९५९ व्हायला वेळ लागत नाही.

वनहक्काच्या दाव्यांचं तेच. २००६ च्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, जमीन त्याच्याआधीपासून ताब्यात असली पाहिजे. तारीख आणि कायद्याचं लांबलचक नाव साठवायचं. त्याच्यापुढचं काही नाही, ते सातव्यात येतं.

६. कलमं मात्र बदलतात

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलं. पण स्वयंघोषणापत्राच्या तळाशी असलेलं ‘माहिती खोटी आढळल्यास भारतीय दंड संहिता कलम १९९ व २०० अन्वये शिक्षेस पात्र राहीन’ हे वाक्य किती दुकानांत त्याच दिवशी बदललं असेल? साठवलेलं वाक्य कुणी वाचत नाही. ज्याने साठवलं तो तर मुळीच नाही, कारण न वाचता यावं म्हणूनच त्याने ते साठवलं. नवीन संहितेत ती कलमं २३६ आणि २३७ आहेत.

शॉर्टकटचा हा खरा तोटा. हाताने लिहिणारा माणूस निदान लिहिता लिहिता अडतो, ‘अरे, हे आता बदललं ना?’ म्हणतो. यंत्र अडत नाही. म्हणून मी यादीचे दोन भाग केलेत. मायने, पत्ते, शेवटची ‘आपला विश्वासू’ हे एका भागात, त्याकडे बघायची गरज नाही. कायदा, कलम, योजनेचं नाव, जिल्ह्याचं नाव हे दुसऱ्या भागात, आणि प्रत्येक नोंदीपुढे मी ती शेवटची कधी तपासली ते लिहिलेलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नंदुरबारच्या दुकानाला याचं काय, असं वाटेल. पण तिकडे शिकायला गेलेल्या पोरांची कागदपत्रं इकडेच तयार होतात.

नावाच्या रचनेचंही तसंच. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहायचं ठरलं. मुलांच्या दाखल्याच्या नमुन्यात तीन रिकाम्या जागा ठेवल्या असतील तर आता चार लागतात. ही पोरं लवकरच बालवाडीत जायला लागतील आणि तेव्हा घाईत नमुना दुरुस्त करणं आलं. आत्ताच करून टाका.

७. माणसाचं म्हणणं साठवू नका

शॉर्टकट लावता लावता हात सैल होतो. मायना झाला, पत्ता झाला, मग वाटतं मधलाही परिच्छेद साठवून टाकू. ‘मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझ्या उदरनिर्वाहाचे कोणतेही साधन नाही. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा.’ सगळ्यांना लागू पडतं. सगळ्यांना लागू पडतं म्हणूनच ते कुणाचंच नसतं. टेबलापलीकडच्या माणसाने त्या दिवशी हेच वाक्य कितीदा वाचलेलं असतं! त्याची नजर त्यावरून घसरते आणि थेट सहीवर थांबते.

एक म्हातारी आली होती, निराधार योजनेच्या पैशासाठी. नातू बरोबर होता. मायना उलगडला, विषय आला, ‘ववस’ झालं. माझी पद्धत अशी की टाईप झालेलं मोठ्याने वाचून दाखवायचं, अंगठा देणाऱ्याला तर नक्कीच. मी तेवढं वाचलं. ती ऐकून म्हणाली, ‘‘ताई, हाऊ मनाच अर्ज शे ना?’’ तिच्या कानाला त्यात तिचं काहीच लागलं नव्हतं. बरोबरच होतं, तोवर तिचं काही आलंच नव्हतं.

मग तिला बोलू दिलं. नवरा गेल्याचं साल तिला सांगता येईना, पण पोराचं लग्न झाल्याच्या दुसऱ्या होळीला गेला हे पक्कं. होळीवरून साल निघतं, आमच्याकडे बऱ्याच गोष्टी होळीवरून निघतात. पोरगा दिवाळीनंतर सुनेला घेऊन गुजरातला ऊसतोडीला जातो, पाऊस लागला की परततो. मधले महिने ती आणि नातू. माझ्या लक्षात आलं की अर्जातली महत्त्वाची ओळ हीच. मुलगा असताना निराधार कशी, हा प्रश्न चौकशीला येणारा माणूस विचारणारच, आणि तो हिवाळ्यात आला तर घरी कुलूप नसेल पण मुलगाही नसेल. मी तसं सरळ टाईप केलं. ‘माझा मुलगा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबासह गुजरात राज्यात जातो व पावसाळा सुरू झाल्यावर परत येतो. या काळात घरी मी व माझा लहान नातू असे दोघेच असतो.’ पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी ती काही विचारायला थांबली नाही, शाईच्या डबीकडे अंगठा पुढे केला.

वनहक्काच्या दाव्यातही तेच. तारीख साठवलेली असते. पण शेताची एक हद्द नाला, दुसरी हद्द मोहाचं झाड, तिसऱ्या बाजूला चुलत्याचं शेत, आणि ही जमीन आजोबापासून कसत आलोय हे गावातल्या कोणत्या वडीलधाऱ्याला माहीत आहे, हे फक्त त्याच माणसाकडून येतं. पाच दाव्यांत पाच वेळा तेच मोहाचं झाड आलं तर मोजणीला येणारा हसेल किंवा संशय घेईल, दोन्ही वाईट.

माहितीच्या अधिकाराच्या अर्जात तर साठवलेलं वाक्य महाग पडतं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच घ्यायचा. ‘मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन’ वगैरेत शब्द घालवले की ज्या रस्त्याच्या बिलाची प्रत हवी त्या रस्त्याचं नाव लिहायला शब्द अपुरे पडतात. तिथे मेहेरबानी मागायची नसतेच, १० रुपये भरून माहिती मागायची असते.

आता मधल्या परिच्छेदासाठी माझ्याकडे एकच शॉर्टकट आहे. तो उलगडला की प्रश्न येतात : कधीपासून? घरी कोण कोण? आधी अर्ज दिला होता का, कुणाकडे? नक्की काय हवं? एकेक प्रश्न विचारायचा, उत्तर टाईप करायचं, प्रश्न पुसायचा. प्रिंट काढण्याआधी पानावर प्रश्नचिन्ह राहिलंय का एवढं बघायचं.

८. नाव आणि आधार नंबर यादीत नकोत

आडनावांचे शॉर्टकट करू नयेत. वळवी, वसावे, पाडवी, गावित ही आमच्याकडे घरोघरची आडनावं, त्यामुळे मोह होतो. पण एकाच्या आधारवर वळवी, दुसऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर वलवी. पडताळणीच्या वेळी या ळ आणि ल वरून माणसं महिनोन्महिने फिरतात. शॉर्टकट सगळ्यांना एकच ळ देतो. नाव नेहमी समोरच्या कागदावर बोट ठेवून, अक्षर अक्षर बघून टाईप करायचं.

आधारचे बारा आकडे, बँकेचा खाते नंबर, मोबाईल नंबर हेही नकोत. रोज येणारं गिऱ्हाईक असलं तरी नको. मघाशी सांगितलेल्या विंडोज-व्हीच्या यादीत कॉपी केलेलं सगळं दिसतं, पुढच्या गिऱ्हाइकाला स्क्रीन दिसते तेव्हा तेही दिसतं. संध्याकाळी दुकान बंद करताना ती यादी साफ करायची, पिन केलेल्या नोंदी तेवढ्या राहतात. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटली गेली. आधारशी ओळख जुनी आहे म्हणून तो नंबर चारचौघांत मोठ्याने सांगायची सवयही जुनी आहे. सवय त्यांची, पण नंबर सांडू न देण्याचं काम संगणकापुढे बसलेल्याचं.

९. मोबाईल

फोनवर जीबोर्ड असेल तर सेटिंगमध्ये डिक्शनरी, तिथे पर्सनल डिक्शनरी, तिथे मराठी. शब्द आणि शॉर्टकट अशा दोन जागा येतात. इथे वाक्य आपोआप बदलत नाही, वरच्या पट्टीत दिसतं आणि त्यावर बोट टेकवावं लागतं. मला हे वर्डपेक्षा बरं वाटतं, निदान डोळ्यांखालून जातं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तिरपी रेघ टाईप केली की साठवलेली उत्तरं येतात. माझी सगळ्यात जास्त चालणारी दोनच. एक, उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय आणायचं त्याची यादी. दुसरं, ‘सर्व्हर बंद आहे, चालू झाला की कळवते.’

१०. यादी कागदावर काढून ठेवा

संगणक फॉरमॅट होतो, हार्डडिस्क जाते, वर्ड नवीन टाकावं लागतं. ऑटोकरेक्टची यादी प्रत्येक भाषेसाठी एका छोट्या फाइलमध्ये असते, शेवट एसीएल असा. विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, मायक्रोसॉफ्ट आणि त्याच्या आत ऑफिस असं शोधलं की सापडते. फॉरमॅटेड नोंदी मात्र तिथे नसतात, त्या नॉर्मल नावाच्या टेम्पलेटमध्ये असतात. दोन्ही पेनड्राईव्हवर घेऊन ठेवायच्या. एकच घेतली तर अर्धी यादी मुकी होते, आणि कोणती अर्धी ते गिऱ्हाईक समोर बसल्यावर कळतं.

आणि एक छापील प्रत भिंतीवर, कीबोर्डच्या उंचीला. सुट्टीत मदतीला येणाऱ्या मुलीला मी शॉर्टकट शिकवत बसत नाही, ती भिंतीकडे बघून दोन दिवसांत शिकते. शिकल्यावर स्वतःचे करायला लागते, तेही चांगलं, फक्त भिंतीवर पेनाने लिहून ठेवायचे. तिने एकदा ‘सजक’च्या खाली ‘सजकन’ असं नवीन लिहिलं होतं. सोबत जोडलेली कागदपत्रे नाहीत. अशा अर्जांसाठीही नोंद लागेल हे मला सुचलं नव्हतं. आता तीही यादीत आहे, पुढे ‘कारण’ म्हणून रिकामी जागा सोडून.